फणसाची ढोली गेली तेव्हा

नावात मांजर असलं तरी मी मांजर नव्हे, मित्रांनो. मी एक म्हातारं उदमांजर. कलकत्त्याला, डमडमच्या एका जुन्या बागेत, फणसाच्या ढोलीत माझा जन्म झाला.

आंबे, पेरू, खजूर आणि खाली दाट झुडपं. पिकलेलं फळ वासावरून कसं ओळखायचं, हे आईने तिथेच शिकवलं. मी उंदीर फस्त करते म्हणून माळी माझं कौतुक करी.

मग बाग विकली गेली. आंबे-पेरू तोडून निलगिरी लावली. सरळ रांगा, बघता बघता उंच झाल्या. बँकेतले दिगंबरराव बदलीवर शेजारच्या घरात आले होते. ते गच्चीतून बायकोला म्हणत, "वृंदा, किती हिरवंगार झालंय बघ."

हिरवं होतं खरं. पण त्या झाडांवर ना आमच्या खाण्याजोगं फळ, ना ढोली. खालची जमीनही साफ केलेली. कोपऱ्यात जुन्या बागेचा तुकडा उरला. त्यात कोल्हे, मुंगसं, आम्ही, सगळे दाटीवाटीने राहिलो. पुढे माझा फणसही पाडला. पिल्लांनी नुकते डोळे उघडले होते. एकेकाला तोंडात धरून मी दिगंबररावांच्या माळ्यावर नेलं.

माझ्या अंगाला सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा गंध असतो. वृंदाताईंनी शेजारणीला विचारलं, "शकुनताई, आज आंबेमोहोर शिजवलात?"

"रेशनच्या तांदळाला कुठला गं वास? थट्टा करतेस होय?"

माळ्यावरची खुडबुड वाढली, तेव्हा दिगंबररावांनी केळं ठेवून पिंजरा लावला. मी भुकेली होते, सापडले. वर पिल्लं रडू लागली.

"लांब सोडून येतो हिला," दिगंबरराव म्हणाले.

वृंदाताईंच्या खांद्यावर तान्हं बाळ होतं. "अहो, वर पिल्लं आहेत."

"आणि आपल्या बाळाला चावली म्हणजे?"

"ती धास्ती मलाही आहे. पाळणा पुढच्या खोलीत नेऊ, दार लावून घेऊ. पण अंगावर पिणारी लेकरं आईवाचून कशी तगतील?"

"मग बारसंही करून टाक त्यांचं."

वृंदाताईंनी बाळाला त्यांच्याकडे दिलं आणि पिंजरा उघडला.

पिल्लं मोठी झाली. जागा शोधत निलगिरीच्या रांगांत शिरली. तिथे लपायला एक झुडूप नाही, आणि गल्लीतली कुत्री मोकाट. धाकटी परत आली. थोरला आला नाही.

मित्रांनो, झाडं जरूर लावा. पण आधीचं झाड पाडण्यापूर्वी जरा मान वर करून बघा. तिथे कुणाची तरी आई राहत असेल.