रोज वीस मिनिटं

ओजिमातल्या निम्म्या मराठी आया चैत्रालीला सांगत होत्या, की त्या चिनी-इंग्रजी शाळेसारखी शिस्त अख्ख्या टोकियोत नाही. शिस्त म्हणजे काय, तर एक लाल वही. मुलीनं घरी रोज वीस मिनिटं चिनी वाचलं, उच्चार बरोबर होते, अशी आईनं सही करायची. आईला चिनीतलं एक अक्षर येत नाही, हा प्रश्न शाळेला कधी पडला नव्हता.

"अगं, रविवारी चहा पिताना आठवड्याच्या सातही सह्या ठोकून द्यायच्या," जयमालानं पहिल्याच महिन्यात दीक्षा दिली. तिचा मुलगा एक वर्ष पुढे. "सगळेच करतात. तू काय एकटी हरिश्चंद्र लागून गेलीस?"

चैत्रालीनं ठोकल्या. सहा महिने. बालवर्गातली तिची लेक, कादंबरी, पुस्तक उघडून घडाघडा बोलायची आणि अंबरीष ऑफिसची बॅग खाली ठेवायच्या आत भारावून जायचा. "बघ! माझ्या क्लायंटलासुद्धा एवढं चिनी येत नाही." क्लायंट जपानी होता. त्याला कशाला येईल, हे नवऱ्याला कोण सांगणार!

एप्रिलपासून पहिली. तिथलीच जागा ठेवायची की वॉर्डाच्या जपानी शाळेत नाव घालायचं, हे शुक्रवारी कळवायचं होतं. पोरगी खरंच शिकतेय का, एवढंच चैत्रालीला हवं होतं, आणि तेवढंच कुणी सांगत नव्हतं.

गुरुवारी पालकसभेत मुख्याध्यापिका लिन मॅडमनी माईकवरून जाहीर केलं: आदर्श वाचन-कुटुंब! वहीत एकही चौकोन रिकामा नाही! नाव चैत्रालीच्या घराचं होतं. मायलेकी स्टेजवर गेल्या. कादंबरी घडाघडा सुरू झाली, आणि चैत्राली तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली. डोळे अक्षरांवर नव्हतेच, चित्रातल्या बदकावर होते. पान उलटलं की नवं चित्र, नवं वाक्य.

तिनं सहज ठेवल्यासारखा तळहात चित्रावर ठेवला. कादंबरी थांबली.

"आई, हात काढ ना."

"अक्षरं दिसतायत की. वाच."

"पण सगळं हाताखाली आहे ना!"

"लाजली बिचारी!" लिन मॅडम कौतुकानं म्हणाल्या.

"लाजली नाही," चैत्राली इंग्रजीत म्हणाली. "तिला वाचता येत नाही. वहीतल्या सह्या खोट्या आहेत. मीच केल्यात."

लिन मॅडमनी क्षणभर पाहिलं, मग माईकवर चिनीत काहीतरी सांगितलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट.

"मॅडम म्हणाल्या, आई फार विनम्र आहे," शेजारच्या शिक्षिकेनं समजावलं.

खाली उतरताना जयमालानं दंड धरला. "बाई गं, आमच्याही सह्या बाहेर काढतेस का?"

"घाबरू नकोस. इथे ऐकून घ्यायला बसलंय कोण?"

शुक्रवारी सकाळी ती वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. फोनवर अंबरीष करवादत होता, "आणि चिनीचं काय? सगळं पाण्यात?" तिनं फोन कापला.

"मुलीला हिरागाना लिपी वाचता येते का?" खिडकीतल्या माणसानं जपानीत विचारलं.

"नाही."

"इंग्रजी?"

'येतं' हा शब्द जिभेवर अगदी तयार होता. सहा महिन्यांची सवय.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही."

माणसानं मान हलवली आणि रकान्यात तेवढंच लिहून घेतलं.