बाजाराचा धडा

नव्या अभ्यासक्रमाचं फ्रेंचचं पुस्तक हातात आलं आणि बाईंनी ते दोनदा उलटसुलट चाळलं. क्रियापदांचे तक्ते गेले होते, भाषांतराचे उतारे गेले होते. राहिले नुसते संवाद: स्टेशनवर, बाजारात, दवाखान्यात. वर प्रत्येक धड्याचं ध्वनिमुद्रण. बाईंचं व्याकरण असं पक्कं, की झोपेतून उठवून विचारा. पण उच्चार त्या स्वतःच्या शाळेतल्या बाईंकडून शिकल्या होत्या, आणि त्या बाई आणखी कुणाकडून.

घरी त्यांनी बाजाराचा धडा लावून पाहिला. भाजीवाल्यानं तोंडाचा असा पट्टा सोडला, की अर्धं डोक्यावरून गेलं. पण कांद्याचा शब्द कानात रुतला. बाई आजवर 'वान्यों' शिकवत आल्या होत्या. भाजीवाला स्वच्छ 'ओन्यों' म्हणत होता, आणि शब्दकोशही त्याच्याच बाजूनं.

"आई, हे असंच म्हणतात?" दारात लेक उभी होती. ती त्यांच्याच वर्गात शिकायची.

"तू जेवून घे आधी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ध्वनिमुद्रण बंद केलं.

धडा घ्यायच्या दिवशी मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले. "चालू द्या बाई, मी नाहीच असं समजा."

एवढा धिप्पाड माणूस नाही असं समजायचं तरी कसं! बाईंनी ध्वनिमुद्रण लावलंच नाही. "कोण वाचतंय?" त्यांनी विचारलं. लेकीनंच हात वर केला. कांद्यापाशी ती अडखळली, आईकडे पाहिलं आणि ठासून म्हणाली, "वान्यों."

पुढच्या बाकावरची मुलगी फिस्सकन हसली. "ओन्यों आहे ते! मी घरी ऐकलंय. हिची आई बाई, तरी हिला येत नाही!"

अख्खा वर्ग खिदळला. लेकीनं मान खाली घातली, कान लालबुंद. मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. बाई गप्प बसल्या तर त्यांची झाकली मूठ राहणार होती.

"ती चुकली नाही," बाई म्हणाल्या. "मीच चुकीचं शिकवलं. तुमच्या आधीच्या मुलांनाही."

हसू जागच्या जागी विरलं. बाईंनी भाजीवाल्याला सुरू केलं. "मलाही सगळं कळत नाहीये. दोनदा ऐकू."

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. "उच्चारांच्या प्रशिक्षणाला तुमचं नाव देतोय. वर्ग तुमच्याकडेच राहील, पण मी अधूनमधून येऊन बसेन."

नोकरी शाबूत होती. तरी जिना उतरतानाच बाईंनी पुस्तक उघडलं. पुढचा धडा दवाखान्याचा होता, आणि त्यातल्या नर्सबाई कशा बोलतात ते त्यांनी अजून ऐकलंच नव्हतं.