डावीकडची सीट

शिरगावात आत्माराम चुरीच्या घरातली सगळ्यात चांगली खोली गाडीला दिलेली होती. रस्त्याकडे दार, खाली गुळगुळीत लादी, भिंतींना ऑइल पेंट आणि वर एक्झॉस्ट फॅन. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी तो फॅन फिरायचा, मग माणसांचे पंखे. विहिरीचं पाणी मचूळ, त्यावर घरातली माणसं अंघोळी उरकायची. गाडी पुसायला मात्र गोड्या पाण्याचे कॅन यायचे. खारा वारा लोखंड कसा खातो हे आत्माराम येईल त्याला थांबवून सांगायचा. ऐकणाऱ्याला उन्हात उभं केलंय हे त्याच्या गावीही नसायचं.

गाडी जपानी. लाल, बुटकी, दोन दारांची आणि दोनच माणसांची. तिचे दिवे बॉनेटच्या आत लपलेले. बटण दाबलं की वर यायचे. तारापूरच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या ओकाडा साहेबाने ती हौसेने आणली आणि मायदेशी परतताना मेंटेनन्समधल्या आत्मारामकडे दिली. आत्माराम म्हणायचा, साहेब विश्वासाने सोपवून गेला. त्याची बायको सुलू म्हणायची, गळ्यात बांधून गेला.

त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. आत्माराम निवृत्त झाला, मुलगी समिधा लग्न होऊन बोईसरला गेली, गाडी मात्र आहे तिथेच. तिचे सुटे भाग मिळायचे बंद झाले तसे आत्मारामने ते जमतील तिथून जमवले. गॅस्केट सातपाटीच्या बोटवाल्यांकडून, रबराच्या नळ्या कारखान्याच्या भंगारातून. एका दिव्याची मोटर जळाली तेव्हा कुंभवलीच्या भंगारवाल्याकडून कसल्याशा यंत्राची मोटर आणून बसवली. ती जरा संथ निघाली. तेव्हापासून दिवे लावले की गाडी आधी एक डोळा उघडायची आणि बऱ्याच विचारानंतर दुसरा. समोरून येणाऱ्या बायका पदर सावरायच्या.

गावात गाडीला सुलूची सवत म्हणत. सुलूला ते मान्य नव्हतं. तिचं म्हणणं, सवत निदान भांडी तरी घासते.

सुलूला ती खोली हवी होती. शनिवार-रविवारी समुद्र आणि किल्ला बघायला येणारी मुंबईची माणसं तिच्या हातचं माशांचं भुजणं आणि तांदळाची भाकरी खायला वाट वाकडी करून यायची आणि मागच्या अंगणात, शेवग्याखाली, मांडीवर ताट घेऊन जेवायची. वर कावळा बसला की ताटावर हात धरायची. रस्त्यावरची खोली मिळाली तर चार टेबलं लागतील, ओटा होईल, पाटी लागेल. पलीकडच्या आनंदीने तर पाटी लावलीसुद्धा, आणि तिच्या भुजण्यात मासा शोधावा लागतो. सुलूने नवऱ्याला किती वेळा सांगितलं. त्याचं उत्तर ठरलेलं: "खोली सोडून काय ते माग."

खरं सांगायचं तर त्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी सुलूइतका वेळ कोणी बसलं नसेल. खाऱ्या वाऱ्याने ब्रेकच्या नळ्या सडायच्या, त्या बदलल्या की ब्रेकमधली हवा काढावी लागायची, आणि हे काम एकट्याचं नाही. एकाने खाली झोपून चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा, दुसऱ्याने वर बसून पेडल दाबायचं. आत्माराम खालून ओरडायचा, "दाब… दाब… धर! धरून ठेव! सोड." सुलू मांडीवर लसूण घेऊन सोलत बसायची आणि पायाने दाबायची. हवा गेली का नाही हे तिच्या पायाला आत्मारामच्या आधी कळायचं. पण एवढ्या वर्षांत तिच्या हातून ती गाडी वीतभरही पुढे गेली नव्हती. वाडीतली भाजी व्हॅनमध्ये भरून ती रोज पालघरला न्यायची, पण ह्या गाडीचं नाव काढलं की आत्माराम म्हणायचा, "हिचा क्लच नाजूक हाय."

शेवटी तिने समिधाला सांगितलं. समिधाने गाडीचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि तिसऱ्याच दिवशी मुंबईहून दर्पण नावाच्या मुलाचा फोन आला. जुन्या गाड्या जमवायचा नाद होता त्याला. रविवारी बघायला येतो म्हणाला.

आत्मारामला कळलं तेव्हा सुलूला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तसं काही झालं नाही. रविवारी सकाळी उठून गाडी पुसली, चावी खिळ्याला लावली आणि चपला घातल्या.

"चावी हाय तिथं हाय," तो म्हणाला. "चालू झाली तर बघा चालवून."

आणि हसत हसत पालघर रस्त्यावरच्या टपरीवर चहा प्यायला निघून गेला. ते हसू सुलूला चांगलं ठाऊक होतं. गाडी चालू करणं म्हणजे एक पूजाच होती. चोक किती ओढायचा, पंपाचा आवाज कधीपर्यंत ऐकायचा, डॅशबोर्डवर कुठे थापटी मारायची, सगळं त्याच्या डोक्यात. मुंबईचा पोरगा काय, त्याच्या बापालाही जमणार नाही, हे त्याने पक्कं धरलं होतं. त्याने सगळ्यांचा विचार केला होता. सुलूचा तेवढा केला नव्हता.

दर्पण आला. गाडी बघून त्याचा चेहरा उजळला, दोन प्रदक्षिणा घातल्या. मग आत बसून चावी फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. घाम फुटेपर्यंत त्याने प्रयत्न केले.

"आंटी, बॅटरी गेलीय का?"

"उठा बघू," सुलू म्हणाली.

पदर खोचून ती बसली. डोळे मिटून, इतकी वर्षं डावीकडे बसून पाहिलेलं सगळं आठवलं. चोक ओढला, पंपाची घरघर थांबेपर्यंत थांबली आणि डॅशबोर्डवर थापटी मारली, ती चुकीच्या जागी. पुन्हा एक, जरा डावीकडे. गाडी चालू झाली. दर्पणच्या आधी तीच दचकली.

"तुम्ही चालवता हिला?"

"रोज पालघरला जाते," सुलू म्हणाली. व्हॅनने, एवढंच सांगायचं राहिलं.

दर्पण डावीकडे बसला. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊ आणि परत येऊ, असा तिचा बेत होता. देवळापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की रिव्हर्स कुठे असतो हे आपल्याला माहीत नाही. गिअरच्या दांड्यावरची अक्षरं कधीच पुसून गेली होती. आणि आत्माराम तर रिव्हर्स टाकायचाच नाही. त्या गिअरचे दात झिजतील म्हणून इतकी वर्षं जपून ठेवले होते त्याने. चुकून पुढे गेला तर सगळ्या गावाला वळसा घालून यायचा. घरात गाडी उलटी घ्यायची तर चार माणसं बोलावून ढकलायचा. सुलूने दांडा इकडेतिकडे ढकलून पाहिला, आतून करकर आवाज आला आणि तिच्या अंगावर काटा आला. त्या गल्लीत वळायला जागा नव्हती. ती सरळ पुढे निघाली.

"वा, मोठी राउंड देताय!" दर्पण खूश झाला.

टपरीवरून जाताना तिने पाहिलं. आत्माराम बशीत फुंकर घालत होता. आवाज ऐकून त्याने मान वर केली. आधी त्याचा चेहरा पडला, मग स्टिअरिंगवर कोण आहे ते दिसलं आणि बशी कलंडली. सुलू थांबली नाही. थांबली असती तर गाडी पुन्हा चालू करावी लागली असती, आणि त्याच्यासमोर थापटी चुकायची तिची तयारी नव्हती.

पालघरच्या चौकात वळून घ्यावं म्हटलं, तर पुढे रिक्षा, मागे एसटीचा भोंगा. गाडी बोईसरच्या रस्त्याला कधी लागली ते कळलंच नाही. मग रस्ता मोकळा झाला. सुलूने चौथा गिअर टाकला आणि गाडी अशी पुढे झेपावली की पाठ सीटला टेकली. एक म्हैस शांतपणे मध्ये आली. सुलूच्या मनात "ब्रेक" हा शब्द यायच्या आत पायाने पेडल दाबलं होतं, अगदी हवं तेवढं. म्हैस निघून गेली. सुलूला हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. व्हॅन चालवताना तिला असं कधी झालं नव्हतं. इतकी वर्षं हे सुख नवरा एकटाच खात होता, ह्याचा तिला मनापासून राग आला.

बेटेगावच्या अलीकडे पेट्रोल पंप दिसला. ऐसपैस जागा. तिने एक मोठा गोल घेतला, गाडीचं तोंड घराकडे केलं आणि उभी केली. पंपावरचा पोरगा पेट्रोलचं झाकण शोधत गाडीभोवती फिरला. "आंटी, ये मुँह कहाँ से खोलती है?"

दर्पण उतरला तो एका पायावर नाचतच. "आंटी, इथे खाली काहीतरी तापतंय. बूट गरम झाले!"

"तापतंच," सुलू म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या झुंबरच्या मोटरसायकलवर मागे बसून आत्माराम आला. केस उभे, शर्टावर चहा. उतरल्या उतरल्या त्याने गाडीच्या चारी बाजू पाहिल्या, मग बायकोकडे पाहिलं. ती पंचवीस वर्षांची सवय होती, जाता जात नाही.

"काय नाय तापत," तो दर्पणला म्हणाला. "हिचं काय बी तापत नाय."

"तापू दे काका," दर्पण म्हणाला. "मला गाडी पसंत आहे. आजच नेतो. तुम्ही सांगाल ते."

आता भांडण होणार म्हणून झुंबरने मोटरसायकल स्टँडला लावली आणि नीट ऐकू येईल अशा जागी उभा राहिला. पण आत्माराम बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "न्या. हिला खोली पायजे. किती वर्सं मागते ती."

एवढं ऐकायला सुलू किती वर्षं थांबली होती. आता ते कानावर पडलं आणि तिला मुळीच बरं वाटलं नाही. नवरा रडकुंडीला आला होता, आणि तिला स्वतःलाही गाडीतून उतरवत नव्हतं.

"घरी जाऊन बोलू," ती म्हणाली. "दर्पण, तुमी झुंबरच्या मागं बसून या."

आत्मारामने चावीसाठी हात पुढे केला. सुलू उजवीकडे बसून होती, ती तिथून हलली नाही.

"बसा," तिने डावीकडे बोट दाखवलं.

ह्या गाडीत डावीकडे बसायची आत्मारामची ही पहिलीच वेळ. बसता बसता गुडघा कशावर तरी आपटला. ह्या वेळी सुलूची थापटी पहिल्यातच जागी लागली. पंप सोडला, समोर रिक्षा आली, आणि त्याने नसलेला ब्रेक दाबायला पाय रोवला. लगेच वर उचलला. पुढे ट्रक आला. पुन्हा रोवला, पुन्हा उचलला.

"खाली काय पेटलंय काय?"

"धुराची नळी जाते तिथनं."

त्याने काच खाली घ्यायला हँडल फिरवलं. हँडल हातात आलं. ते घेऊन तो बघत बसला. उजवीकडचं हँडल त्याने दर दिवाळीला तेल घालून लोण्यासारखं ठेवलं होतं.

"हे तुटलंय!"

"गेल्या गणपतीला तुटलं."

"मग सांगायचंस ना!"

"सांगितलं. तुमी म्हणालात, गप, इंजिन कसं गोड बोलतंय ते ऐक."

"आणि हे गरम?"

"ते पयल्यापासून. दर वेळी सांगितलं. तुमाला आवाजात ऐकू येत नाय."

आत्माराम पाय दोन्ही वर घेऊन, मांडी घालून, हातात हँडल धरून बसला. गाडीतला एकेक स्क्रू आपण ओळखतो असं तो गावाला सांगायचा. पण जिथे बायको बसते तिथे इतक्या वर्षांत त्याची नजर गेली नव्हती, हे त्याला आत्ता, तळपाय भाजल्यावर कळलं. पालघर गेलं तरी तो बोलला नाही.  असा गप्प नवरा सुलूला क्वचितच मिळायचा.

"मागच्या अंगणात पत्रे टाकतो," तो शेवटी म्हणाला. "गाडी तिथं ऱ्हाईल."

"आणि दर्पणला काय सांगायचं?"

"तू सांगशील ते."

"त्याला जेवायला घालते पोटभर," सुलू म्हणाली. "आणि सांगते, गाडी विकायची नाय. मला अजून रिव्हर्स शिकायचाय."

आत्मारामच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला. उद्याच ही बाई गाडी पालघरच्या बाजारात नेणार, भाजी भरून नेणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. क्लच नाजूक आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. शिरगावची वाट लागल्यावर त्याने हळूच विचारलं, "ओटा कुटल्या भिंतीला घ्यायचा?"

 हा प्रश्न इतकी वर्षं सुलूने स्वतःच स्वतःला विचारला होता. दुसऱ्या कोणी विचारला तर कसा वाटतो ते तिला जरा वेळ ऐकत राहायचं होतं.

"खिडकीच्या," ती म्हणाली. "आणि पाय खाली नका सोडू, भाजाल."