साखऱ्याच्या धुऱ्यावरची टेंभुर्णी

माळावरची थोरली ही माझी पणजी, गायरानातली वाकडी ही माझी आजी आणि विहिरीवरची दाट सावलीची ती माझी आई. या तिघींच्या वंशातली मी एक जुनी टेंभुर्णी आहे. साखऱ्याच्या शिवारात, चतुराबाईंच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी उभी आहे. मित्रांनो, नीट बसून ऐका. अर्धवट ऐकणारे मला आवडत नाहीत.

वैशाखात माझी पिवळी, गोड टेंभरे पिकत. गुराख्यांपासून पाखरांपर्यंत सारे माझ्याखाली थांबत. शेजारी दुसरे टेंभुर्णीचे झाड होते. त्याला फळ कधीच धरले नाही. चतुराबाईंच्या लेकाने, तातेरावाने, ते बिनकामाचे ठरवून तोडले. त्यानंतर दोन उन्हाळ्यांत माझ्याही फांद्या रिकाम्या झाल्या.

ही वांझ झाली, वर हिच्या सावलीने सोयाबीन दबते, असे म्हणत तातेराव कुऱ्हाड घेऊन आला. चतुराबाई माझ्या बुंध्याला पाठ लावून बसल्या.

"काहून रे तात्या, नर तूच तोडला न् आता हिला वांझ म्हनून राहिला?"

टेंभुर्णीत नर वेगळा आणि मादी वेगळी असते, जवळ नर नसेल तर मादीला फळ धरत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. तो वरमला, पण कुऱ्हाड खाली ठेवीना. तेव्हा त्या म्हणाल्या, "सात वर्षं थांब. फळ न्हाई आलं, तर मीच तुला धार लावून देते."

माझ्यासाठी कुणीतरी शब्द टाकला. ते ऋण मी मुळाशी जपले.

नराच्या खुंटातून कोंब फुटत होते. पेरणीआधी धुरा पेटवून साफ करणे ही इथली रीत. कोंब जळू नयेत म्हणून चतुराबाईंनी ती मोडली आणि दर उन्हाळ्यात विळ्याने गवत कापले. लोक हसले. चतुराबाईंचा विळा थांबला नाही. कोंबाचे झाड झाले. सहाव्या चैत्रात ते पांढऱ्या फुलांनी भरले. मीही फुललेच होते.

टेंभर पिकायला पुरते वर्ष लागते; सातव्या वैशाखात माझ्या फांद्या पिवळ्या टेंभरांनी वाकल्या.

साऱ्या घराला धुऱ्यावर आणून चतुराबाई शांतपणे म्हणाल्या, "तात्या, आण कुऱ्हाड. धार लावून देते."

तातेराव खाली मान घालून हसला. त्याने पहिले टेंभर तोडून आईच्या हातावर ठेवले. नात सृष्टीने टोपली पुढे केली.

मित्रांनो, कुणाला बिनकामाचे म्हणण्याआधी त्याच्या शेजाऱ्याला विचारत जा. त्या दिवशी मी चतुराबाईंचा पदर भरला, टोपली भरली, आणि मागोमाग आलेल्या साऱ्या गावालाही ओंजळ ओंजळ टेंभरे दिली. सात वर्षांपूर्वीच्या त्या शब्दाचे ऋण मी पुरते फेडले.