शाप विसाव्या प्रकरणात सुटतो

"वैनी, गोष्ट वाचतेस ती वाच. पन ती गोष्ट हाय, हे बी सांगत जा तिला," असं कुलसुमबी मला म्हणाली होती. कुलसुमबी आमची शेजारीण. नवरा बोटीवर खलाशी. ती कुंपणापलीकडे जवळा वाळत घालत होती आणि मी ओटीवर बसून मोठ्यानं कादंबरी वाचत होते. मी हसले. म्हटलं, "एवढं कळतं हो तिला. कुकुलं बाळ का आहे ती?"

ती म्हणजे गोदू, वरच्या आळीतल्या सदूची मुलगी. सोळा वर्षांची. माझी रतन तेव्हा अगदी तान्ही होती आणि पाळणा थांबला की तिचा श्वासही थांबेल असं मला वाटायचं. म्हणून दुपारी गोदू दोरी धरायला यायची. आमच्या घरचे शाळामास्तर. ते अलिबागच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायचे. मी वाचायची, गोदू ऐकायची. काशीदला दुसरं काय करणार?

कॉलेजात दोन वर्षं काढलेली बाई मी. या कादंबऱ्यांची कृती मला साखरभाताच्या कृतीसारखी पाठ होती. नायिकेचे केस गुडघ्यापर्यंत. ते विंचरतं कोण, त्यांत उवा झाल्या तर काय, हे लेखक सांगत नाही. ती घाबरली की मूर्च्छा येऊन पडते आणि नेमकी नायकाच्या हातांत पडते. दगडावर कधी पडत नाही. तिनं समुद्रात उडी टाकली की लाट तिला अलगद किनाऱ्यावर आणून ठेवते. आमच्या समुद्राला हे कुणीतरी शिकवायला हवं!

त्या वर्षीची कादंबरी एका शापित राजपुत्राची होती. तो बायकोशी गोड बोलत नाही, जेवणाचं ताट भिरकावतो, तिला बुरुजात कोंडून ठेवतो. का? तर कुणा यक्षिणीचा शाप. आतून म्हणे प्रेम नुसतं उतू चाललंय. नायिका हूं की चूं करत नाही. शेवटी तिचा एक अश्रू त्याच्या पायावर पडतो, शाप सुटतो आणि राजपुत्र तिची क्षमा मागतो. मला वाचताना तिडीक येई. गोदू मात्र दोरी ओढत विचारायची, "वैनी, आता कितवं प्रकरण?"

"नववं."

"आन शाप सुटतो कवा?"

"विसाव्यात."

"म्हंजे हाय अजून टाइम," असं म्हणून ती शांतपणे पाळण्याला झोका द्यायची.

वैशाखात तिचं लग्न झालं. नवरा भागोजी, खाडीपलीकडे म्हसळ्याच्या अलीकडच्या वाडीतला. दिवाळीला माहेरी आली तेव्हा भेटायला आली. रतनला घेताना तिची बांगडी वर सरकली आणि मनगटावर काळेनिळे वळ दिसले. मी हात धरला.

"हे काय गं?"

"काय न्हाय वैनी." ती चक्क हसली. "अजून पाचवंच प्रकरण चाललंय."

मी तिला पुन्हापुन्हा सांगितलं, गोदू, शापबीप काही नसतो, तो माणूस तुला मारतो, तू जाऊ नकोस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "तुमीच वाचलात नव्हं? छापलंय त्यात. खोटं कोन छापील?"

सदूला सांगितलं. तो म्हणाला, "बाय, नांदती पोर घरात ठेवली तर दुनिया काय म्हनंल?" यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, करमणुकीची पुस्तकं ती. तू फार मनाला लावून घेतेस." गोदू गेली.

पौषात आमच्या गावचा मासळीविक्या नामा सुकी मासळी घेऊन म्हसळ्याच्या बाजाराला निघाला, तेव्हा मी त्याला तिच्या दारावरून जायला सांगितलं. तो परत आला तो हसतच.

"वैनी, पोरगी भेटली. दारात उभी राहून बोंबील घेत व्हती. म्हनली, वैनीला सांग, अकरावं प्रकरण चालू हाय, पुढं सुखाचं हाय. कसली हो ही प्रकरणं?"

"भागोजी होता तिथे?"

"व्हता की, ओटीवर. त्यानं ऐकलं. म्हनला, अकरावं? आन आधीची धा कोनाकोनासंगं?" नामाचं हसू आता ओसरलं. "मी टोपली उचलली. मागनं आवाज आला, पन मी म्हटलं, नवराबायकोच्या मधी आपन कशाला?"

बाईच्या तोंडून प्रकरण हा शब्द आला की आमच्याकडे पुस्तक कुणाच्या डोक्यात येत नाही. एकच अर्थ येतो. आणि तो अर्थ ऐकणारा माणूस मुळातच हात उगारून बसलेला होता.

पुढच्या खेपेला मी नामाजवळ नीट निरोप दिला. प्रकरण म्हणजे कादंबरीचा भाग, ती माझ्याकडे ऐकायची, बाकी काही नाही. भागोजीनं उत्तर पाठवलं, "जिला अक्षर येत न्हाय, तिची प्रकरणं पुस्तकातली कशी?" या प्रश्नापुढे माझं कॉलेज काय करणार? नामाला गोदू दिसली नाही. सासू म्हणाली विहिरीवर गेलीय. विहिरीवरच्या बाया म्हणाल्या, बऱ्याच दिवसांत आलीच नाही.

मी स्वतः निघाले होते. त्याच दिवशी रतनला डांग्या खोकला लागला. खोकता खोकता निळी पडते, तिला खाली ठेवता येत नाही. हे म्हणतात, तिथे जाऊन काय व्याकरण शिकवणार आहेस? सदू म्हणतो, सासूनं बरी हाय म्हनून सांगितलंय. आणि लेखकमहाशय तिकडे खुर्चीत बसून पुढची कादंबरी लिहीत असतील. त्यांना विचारायचंय, अहो, राजपुत्राला माणूस करायला तुम्हाला वीस प्रकरणं लागतात, तोवर मार कोण खातं? तुम्ही? पहिल्याच प्रकरणात ताट भिरकावलं तेव्हा तिला उठून बापाच्या घरी जाऊ दिलं असतं, तर तुमची शाई आटली असती का? मारणाऱ्याच्या पोटात प्रेम असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तुम्ही हे वाचताय. तुमच्यापैकी कुणीतरी माणगावहून म्हसळ्याला जाणारच. गाव लागायच्या आधी डाव्या हाताला कौलारू घरांची वाडी आहे. तिथे भागोजीचं घर विचारा आणि ओटीवर बसून पाणी मागा. सासूनं आणलं तर पिऊ नका. म्हणा, सूनबाईच्या हातचं हवं. काही सांगतील. निजलीय, माहेरी गेलीय. माहेरी ती आलेली नाही, हे मी इथून सांगते. ती बाहेर आली तर तिचे हात बघा, चालताना पाय ओढते का बघा, आणि मला कळवा. नाही आली, तर उठू नका. मोठ्यानं हाक मारा. गोदू म्हणतात तिला.