एकतीस नंबरचा बाप

“बापाचं नाव सांग रे, सोमा,” उज्वलाबाई म्हणाल्या, आणि सोमाच्या हातातली कात्री उघडी ती उघडीच राहिली.

त्याच्या स्वतःच्या बापाची चौकशी नव्हती ही. तो पेठकडच्या पाड्यावर जन्मभर नागली पेरून केव्हाच गेला होता. बाप हवा होता कुंडी नंबर एकतीसला. गुलाब मंडळाच्या प्रदर्शनात यंदा घरी तयार केलेल्या नव्या वाणांचा वेगळा वर्ग होता. अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत, आणि अर्जात दोन रकाने ठळक: मातृवाण, पितृवाण. आपल्याकडे बापाच्या नावाशिवाय पोराला शाळेत घेत नाहीत, मग गुलाबाला कोण सोडतो?

“वहीत लिवलंय की, बाई.”

“वहीत पांढरा लिहिलाय. पण केलं तू, लिहिलं मी. म्हणून एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे.”

सोमाने कात्री मिटली, परत उघडली. सकाळपासून त्याला कसलीतरी रुखरुख होती, पण कसली ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

उज्वलाबाईंनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या घराच्या गच्चीवर गुलाबांची शाळा काढली. सोमा त्या शाळेचा शिपाई, हेडमास्तर आणि सुईण. कळी उमलायच्या आत पाकळ्या काढायच्या, आतले केसर चिमट्याने उपटायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने लावायचे आणि वर बटर पेपरची टोपी चढवायची. मग चार महिने फळ पिकायची वाट बघायची. हात सोमाचे, वही बाईंची. वहीचा हिशेब असा: अकरा वर्षांत हाताळलेल्या कळ्या चारशे सहा, धरलेली फळं दीडशे, उगवून टिकलेली रोपं नव्वद, आणि माणसाने थांबून बघावं असं फूल एक.

सोमाची शाळा दुसरीत सुटलेली. त्यामुळे वहीच्या जोडीला त्याने आपली पद्धत काढली होती: दोऱ्यांची. आई कोण ते झाडच सांगतं, फळ तिच्याच अंगावर धरतं. प्रश्न बापाचा. तर ज्या रंगाच्या गुलाबाचे पराग, त्या रंगाचा दोरा कळीच्या देठाला. पुढे तोच दोरा बियांच्या पुडीला, आणि रोप उगवलं की कुंडीतल्या काडीला. शिवणकामाची रिळं तो भद्रकालीच्या बाजारातून निवडून आणायचा.

तीन हिवाळ्यांपूर्वी बाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. दोन महिने धूळ नको, ऊन नको, गच्ची नको. त्या मोसमातलं सगळं सोमाने एकट्याने उरकलं. वही पुढच्या वर्षी रोपं उगवल्यावर दोरे बघून भरली. त्याच बाळंतपणातली ही एकतीस नंबर.

“गंमत बघ,” बाई वहीत भिंग फिरवत म्हणाल्या, “त्या वर्षीच्या बावीस कुंड्या, आणि बावीसच्या बावीस पांढऱ्याच्या. पिवळ्या गुलाबाला तू हातच लावला नाहीस का रे तेव्हा?”

“लावला आसंल... म्हंजे लावलाच. का नाय लावला? आता आठवत नाय बघा.”

“बरं, आठव. तोवर मी चहा टाकते,” म्हणून बाई जिना उतरल्या.

पांढऱ्यात बाईंचा जीव होता. लग्नाच्या एकोणचाळीस वर्षांत दिनेशरावांनी बायकोला न मागता आणून दिलेली वस्तू एकच: पांढऱ्या गुलाबाची मोठी कुंडी. तीही नर्सरीवाल्याने दुसऱ्या सामानाबरोबर चुकून दिली असावी असा बाईंचा संशय होता. दिनेशराव सहा वर्षांपूर्वी गेले, आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी झाड शेंड्याकडून वाळत वाळत बुडखापर्यंत आलं. त्याची फांदी दुसऱ्या खुंटावर जगवायला सोमाने तीनदा डोळा भरून कलम बांधलं, तिन्ही कलमं गेली. वाळका बुडखा टाकीजवळ कोपऱ्यात तसाच होता. बाई पाणी घालताना पाइप त्याच्याकडेही वळायचा. सोमा दुसरीकडे बघायचा. गेल्या डिसेंबरात एकतीसला सायीच्या रंगाचं पहिलं फूल आलं. बाईंनी ते भिंगातून बघितलं. मग म्हणाल्या, “त्याचीच साय आहे ही, सोमा.” नावही त्याच दिवशी ठरलं: दिनेश.

साय खरी. पण सोमाला त्या फुलात पहिल्यापासून दुसरंच दिसायचं: दुधात हळद टाकून कुणी ढवळायचं विसरावं, तसं काहीतरी. बोलला मात्र नव्हता. बाईंच्या नव्या डोळ्यांपुढे आपले जुने डोळे कोण चालवतो?

तो कुंड्यांच्या रांगेत शिरला. पिवळ्याला हात लावला नव्हता? त्या महिन्यात पिवळ्याची इतकी फुलं खुडलेली, नखांत इतके पराग भरलेले की सविताने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं, लग्नाच्या हळदीत राबून आला का म्हणून. मग ते सगळं गेलं कुठे? काडीकाडीला दोरा होता, आणि प्रत्येक दोरा पांढरा. त्याने लाल दोऱ्याची जुनी कुंडी बघितली. लाल फिका गुलाबी झाला होता. निळा राखेसारखा. मग पिवळ्याचं काय झालं असेल?

नाशिकचं ऊन. दोरे रिळातून निघाले तेव्हा रंगीत होते. रिळं निवडून आणली, भाव पाडून आणली, रंग टिकेल का हे विचारायचं राहिलं. वही भरायची वेळ आली तोवर एक उन्हाळा वरून गेला होता, आणि पिवळे पांढऱ्यांत जाऊन बसले होते.

त्याने अठ्ठावीस नंबरचा दोरा काढला. गाठ नखाने सोडवली. आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, मोहरीएवढा पिवळा ठिपका होता. एकोणतीसची सोडली: आतबाहेर पांढरी. म्हणजे काही इकडचे, काही तिकडचे. एकतीसच्या गाठीला त्याने हात घातला आणि काढून घेतला.

न सोडली तर? पिवळा काही तक्रार करायला येणार नव्हता. बाईंना त्यांची साय मिळेल, मंडळाला बाप. कुणाचं काय गेलं? पण लगेच त्याला ते वर्ष आठवलं, जेव्हा वाऱ्याने एका कळीची टोपी उडाली होती आणि बाईंनी ते फळ हिरवंच तोडून टाकलं होतं. तो हळहळला, तर म्हणाल्या होत्या, “मधमाशीनं काय केलं ते मला माहीत नाही. जे माहीत नाही ते माझं नाही.” बरं, सोडली आणि पिवळा निघाला, तर? आणि पांढरा निघाला, तर उगाच म्हातारीचा जीव टांगणीला. डोकं चालेना. शेवटी त्याने एकतीस नंबर उचलली, कुंडीसकट, आणि जिना उतरला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“चूक माझी हाय, बाई. उन्हाचं ध्यानातच नाय आलं.”

“ऊन तुझं नाही. वर्गात शंभरदा शिकवलंय मी, उन्हानं रंग उडतो म्हणून.” त्यांनी कुंडी जवळ ओढली, गाठीवरून बोट फिरवलं. “घट्ट बांधतोस हां तू.”

“नाय तर वाऱ्यानं जातो ना.”

“सुई दे डबीतली. आणि जा, सायकलमध्ये हवा आहे का बघ. पाचच्या आत पोचायचंय.”

सायकलमध्ये हवा होती. सोमाने तरी पंप मारला, बराच वेळ. परत आला तेव्हा पाकीट चिकटवून तयार होतं. त्याने बाईंच्या तोंडाकडे बघितलं. परीक्षेचा निकाल लावणाऱ्या बाईंच्या तोंडावर जेवढं दिसतं तेवढंच दिसत होतं, म्हणजे काही नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मंडळाच्या कार्यालयात राखी नावाची मुलगी अर्ज तपासून घेत होती. पावणेपाच झाले होते. तिने पाकीट फोडलं.

“मातृवाण, राणी रंगाचा देशी. पितृवाण, पांढरा... नाही, खोडलंय. पिवळा. खाडाखोडीवर सही आहे, चालेल.”

सोमा टेबलाजवळ सरकला.

“काका, सोमा तुम्हीच का?”

“मीच हाय.”

“‘निर्माता’ म्हणून तुमचं नाव लिहिलंय. उज्वलाबाई ‘नोंद ठेवणार’ या रकान्यात आहेत. पण असा रकाना आमच्या अर्जात नाहीये! पट्टी मारून आखलाय त्यांनी.” राखी हसली. “शिक्षिका होत्या का?”

“जीवशास्त्राच्या.”

“तरीच. आणि वाणाचं नाव, दिनेश? गुलाबाला? लोक परी ठेवतात, मोहिनी ठेवतात.”

“त्यांच्या मालकांचं हाय ते,” सोमा म्हणाला, आणि पोच घेऊन निघाला.

घरी आला तेव्हा बाई गच्चीवर होत्या. एकतीस नंबर परत जागेवर होती; एवढी कुंडी बाईंनी एकट्याने वर कशी आणली, देव जाणे. काडीला दोरा नव्हता. सोमाने पोच वहीवर ठेवली.

“नाव नाय बदललं, बाई? म्हंजे... आता ते पांढऱ्याचं नाय ना.”

“बापाचं नाव पुराव्यानं लागतं. ठेवायचं नाव आपल्या मर्जीनं.” त्या टाकीजवळच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. “सोमा, ती कुंडी उद्या रिकामी कर. एकतीसला मोठी लागेल आता.”

सोमाने विचारलं, “माती तीच ठिवू?”

“नाही. वाळलेल्या झाडाची माती रोगट असते. सगळी बदल.”

“बरं.”

तो कात्री, ब्रश, डबा आवरून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला, तेव्हा मागून हाक आली.

“ओंजळभर ठेव.”

त्याने वळून बघितलं. बाई वही मिटत होत्या.

“वहीत लिहायला नको,” त्या म्हणाल्या.