बंद ठेवलेला शब्द

सलोमीने मोबाईलवरचा सूर बंद केला आणि बोट वर नेलं. हेमावतीने पहिली ओळ नीट घेतली, एक पट्टी चढवून दुसरीही. तिसऱ्या वेळी तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"परत," सलोमी म्हणाली.

परत तेच झालं.

"हिची बॅटरी उतरली, ताई," मागच्या बाकावरून शिवराज म्हणाला. पोरं फिदीफिदी हसली.

चर्चच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग खडखडत होते. या गायनाला ताल नसतो; सूर श्वासाबरोबर वाहू द्यायचा. पण पोरं नकळत मागाच्या ठेक्यात घसरायची आणि सलोमीचा निम्मा वेळ त्यांना त्यातून बाहेर ओढण्यात जायचा.

आज पवित्र शनिवार. अंधार पडल्यावर ईस्टरच्या जागरणविधीत हेमावतीने एकटीने तीनदा 'आलेलुया' गायचं होतं, दर वेळी एक पट्टी वर, आणि तिच्यामागून सगळ्या लोकांनी. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की देवाच्या स्तुतीचा हा शब्द त्या रात्रीपर्यंत चर्चमध्ये उच्चारत नाहीत. सराव तर हवाच, म्हणून सलोमीने सगळी चाल नुसत्या 'आ'वर बसवली होती. ती शिकवायची त्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतली शिस्त तिने इथेही आणली होती. "घरीसुद्धा म्हणायचं नाही," तिने पोरांना बजावलं होतं. "आधी तोंडातून निघालं, तर सगळं बिघडतं."

मागच्या रविवारी हेमावती तिच्यामागे फाटकापर्यंत आली होती. "ताई, आज्जा म्हणतोय, एकदा शब्दासकट म्हणून दाखव. लई आजारी हाय."

कल्लप्पा आजोबांनी तरुणपणी हेच आलेलुया याच चर्चमध्ये गायलं होतं, हे सलोमीला ठाऊक होतं. पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत ती म्हणाली होती, "ईस्टरला ऐकतील की. आठवडाच तर राहिलाय."

बुधवारी पहाटे आजोबा गेले. दफनाच्या वेळी सलोमी सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मूठभर माती टाकायलाही तिचे पाय पुढे झाले नाहीत.

"जा, पाणी पिऊन या सगळे," ती आता म्हणाली. "हेमा, तू थांब."

पोरं बाहेर गेली. सलोमी तिच्याशेजारी बाकावर बसली. तीन दिवस मनात घोळवलेलं वाक्य ओठांवर येईना. मोबाईल तिने उगाच उलटा करून ठेवला.

"त्या दिवशी मी तुला नको म्हणाले—"

"ताई, मी म्हटलं," हेमावती मान खाली घालून म्हणाली.

"काय म्हटलंस?"

"ते. शब्दासकट. मंगळवारी रात्री आज्जा लई मागं लागला. मी हळूच म्हटलं. तिसऱ्यांदा तो पण म्हणाला माझ्यासंगट. सकाळी उठलाच न्हाई." ती फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमी सांगितलं होतं की, बिघडतं म्हणून."

आजोबांनी ऐकलं होतं. सलोमीला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मग समोरचं ते आवळून लालभडक झालेलं बोट दिसलं, आणि त्या सुटण्याचीच तिला लाज वाटली.

वय, हृदय, डॉक्टर काय म्हणाले होते, सगळी कारणं तिच्यापाशी तयार होती. ती सांगायला तिने श्वास घेतला, पण सांगितली नाहीत. ती उठली. उपवासकाळात झाकलेले वेदीपाशचे सगळे पुतळे अजून जांभळ्या कापडाखाली होते. त्यांच्याकडे तोंड करून, मोकळ्या आवाजात, तिने पहिलं आलेलुया अख्खं म्हटलं.

दारात पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेली पोरं जागच्या जागी थबकली.

"ताई! आत्ता न्हाई! बिघडंल की!" शिवराज ओरडला आणि त्याने छताकडे पाहिलं.

"बघू या," सलोमी म्हणाली. "बस इथे."

कोणी हललं नाही. छतावरची कबुतरं घुमत होती, पलीकडे माग तसेच चालू होते. बऱ्याच वेळाने हेमावतीने बोटाभोवतीचं फ्रॉकचं टोक सोडलं. बसल्या बसल्याच तिने दुसरं आलेलुया घेतलं, एक पट्टी वर. आवाज कापरा होता, पण मागाच्या ठेक्यात घसरला नाही.

सलोमी मोबाईलवर पुढचा सूर लावायला वाकली.

तिसरं आलेलुया हेमावतीने सुराची वाट न पाहताच घेतलं.